कुणाला सांगितलं? : जॉन स्माइथ प्रकरणाचा अभ्यास

केंब्रिजमधल्या राउंड चर्चचे व्हिकर, म्हणजे पाळक, मार्क रस्टन यांनी मार्च १९८२ मध्ये एक छोटा गोपनीय अहवाल लिहिला. त्याआधी ते तेरा तरुणांशी बोलले होते. जॉन स्माइथ नावाच्या वकिलाने पापाची शिक्षा म्हणून ज्यांना वेताने मारलं, ते हे तरुण. अहवालात एका जागी त्यांनी चक्क बेरीज मांडली आहे. तेरांपैकी पाच जण या प्रकारात थोडेच दिवस होते; त्या पाचांना मिळून बारा वेळा मारण्यात आलं, फटके सुमारे ६५०. उरलेल्या आठांना मिळून सुमारे १४,००० फटके. त्यांतल्या दोघांच्याच वाट्याला तीन वर्षांत ८,०००च्या आसपास. बहुतेक वेळा रक्त येई, असं त्या तरुणांनी सांगितलं. कोणत्या पापाला किती, याचीही नोंद आहे. हस्तमैथुनासाठी १००, गर्वासाठी ४००, आणि कुठल्याशा न सांगितलेल्या ‘पतना’साठी ८००. शेवटच्या माराला अडीच महिने उलटून गेल्यावरही वळ गेले नव्हते; ते रस्टन यांनी स्वतः पाहिले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी मी दोनदा मागे जाऊन वाचली. हा सगळा प्रकार शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांसंबंधी १८६१च्या इंग्लिश कायद्यातल्या कलम ४७ प्रमाणे गुन्हा ठरतो, असं रस्टन लिहितात. म्हणजे पाळकांना कायदा ठाऊक होता, कलमाचा आकडासुद्धा ठाऊक होता. अहवाल मोजक्या माणसांच्या हातात गेला. ती सगळी आपलीच माणसं होती. पोलिसांकडे तो गेला नाही.

ही गोष्ट जगापुढे यायला पस्तीस वर्षं लागली, आणि चर्चने नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष यायला बेचाळीस.

मी इव्हँजेलिकल घरात वाढले, म्हणजे बायबलच्या अधिकारावर आणि व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या ख्रिस्ती घरात. घरात रोज संध्याकाळी बायबल उघडलं जाई, आणि ज्या परंपरेने ते आमच्या हातात दिलं ती हीच परंपरा. १७९९ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या, इव्हँजेलिकल लोकांनी लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटी काढली, आणि तिनेच १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. म्हणून हे प्रकरण मला परक्या देशातलं वाटत नाही. एका विकृत माणसाची गोष्ट म्हणून ते वाचता येतं, पण तसं वाचलं की आपली फार लवकर सुटका होते. मला इथे एकच धागा धरून जायचं आहे. ज्याला ज्याला कळलं, त्याने ते कुणाला सांगितलं?

जॉन स्माइथ हे लंडनमधलं मोठं नाव होतं. बॅरिस्टर, ‘क्वीन्स काउन्सेल’ ही ज्येष्ठ वकिलांची पदवी मिळालेले, अर्धवेळ न्यायाधीश. १९७७ साली नीतिमत्तेच्या मोहिमा चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी ‘गे न्यूज’ या नियतकालिकावर ईश्वरनिंदेचा खटला भरला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे वकील हेच. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ते रीडर होते, म्हणजे दीक्षित पाळक नसूनही उपदेश करण्याची परवानगी असलेले. आणि १९७४ ते १९८१ या काळात ते यूअर्न ट्रस्टचे अध्यक्ष होते.

यूअर्न म्हणजे काय हे समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. ई. जे. एच. नॅश नावाच्या पाळकाने १९३०च्या दशकात मुलग्यांसाठी सुट्टीतली शिबिरं सुरू केली. लोक त्यांना ‘बॅश’ म्हणत. पुढे डॉर्सेटमधल्या यूअर्न मिन्स्टर गावच्या शाळेत ती भरू लागली, म्हणून ‘यूअर्न कॅम्प’. नॅश यांचं गणित साधं होतं. इंग्लंडच्या सर्वांत नामांकित निवासी शाळांमधली मुलं प्रभूकडे वळली, तर उद्याचे मंत्री, न्यायाधीश, सेनाधिकारी आणि बिशप प्रभूचे होतील, आणि त्यांच्यामागून देश येईल. निवड त्या मोजक्या शाळांमधूनच. शिबिरप्रमुखाला ‘कमांडंट’ आणि स्वयंसेवकांना ‘ऑफिसर’ म्हणत. मोठा ऑफिसर एकेका मुलाला वर्षानुवर्षं जोडीने घडवी. एकत्र बायबल, एकत्र प्रार्थना, पापांची उघड कबुली.

या गणिताला फळ आलं हे नाकारता येणार नाही. जॉन स्टॉट १९३८ साली शाळेत असताना नॅश यांच्याच सांगण्यातून ख्रिस्ताकडे वळले, आणि पुढे जगभरच्या इव्हँजेलिकल लोकांनी त्यांना आपला शिक्षक मानलं. इंग्लंडमधल्या मोठमोठ्या इव्हँजेलिकल मंडळ्यांचे, म्हणजे स्थानिक चर्चांचे, कितीतरी पाळक याच शिबिरांतून आले. सगळे एकमेकांना शाळेपासून ओळखत, एकमेकांच्या लग्नात उभे राहत, एकमेकांच्या मंडळीत उपदेशाला जात. जाळं इतकं घट्ट असलं की एखादी बातमी आत फिरत राहते, बाहेर सहज पडत नाही.

स्माइथ यांचं घर विंचेस्टरजवळ मोरस्टेडला होतं. १३८२ साली स्थापन झालेलं विंचेस्टर कॉलेज तिथून जवळ. तिथल्या ख्रिस्ती मुलांच्या गटात ते येत-जात. मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवत. घरापासून लांब राहणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रविवारचं घरचं जेवण म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. जेवणानंतर गप्पा, गप्पांतून पापांची विचारपूस, आणि त्यातून बागेच्या कडेला असलेली शेड. तिच्या भिंतींतून आवाज बाहेर जात नसे. आत वेताच्या छड्या असत. मुलाला कपडे उतरवायला लावत. मार झाल्यावर प्रार्थना होई. जखमांतून रक्त येतच राही म्हणून मोठ्या माणसांचे डायपर देत. मग ती मुलं आपापल्या वसतिगृहात परत जात, आणि सोमवारी बाकावर बसत.

त्यासाठी वचन होतं. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय. पापाशी झगडताना रक्त पडेपर्यंत तुम्ही अजून टिकाव धरला नाही, आणि प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. हा अध्याय मी कित्येक वेळा वाचला आहे, दुःखातल्या माणसाच्या उशाशी बसूनही वाचला आहे. तो छळातल्या विश्वासणाऱ्यांना धीर देण्यासाठी लिहिलेला आहे. एका वकिलाने तो छडीचा परवाना म्हणून वापरला, आणि बायबल मनापासून मानणाऱ्या मुलांना त्याला उत्तर देता आलं नाही. कारण त्यांना बायबल शिकवणारा तोच होता.

१९८२च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याला सांगण्यात आलं की एकविसाव्या वाढदिवसाला त्याला खास मार मिळणार आहे. त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यानंतर गोष्ट रस्टन यांच्यापर्यंत आली आणि तो अहवाल झाला.

आता आपला धागा. रस्टन यांनी सांगितलं शिबिरांच्या प्रमुखांना, डेव्हिड फ्लेचर यांना, आणि आणखी काही पाळकांना. शाळेच्या मुख्याध्यापकांना कळलं. त्यांनी स्माइथ यांना मुलांपासून दूर राहायला सांगितलं. काही पालकांना कळलं, आणि मुलाचं नाव कोर्टात यायला नको या भीतीने तेही गप्प राहिले. या माणसांत दुष्ट कुणी नव्हतं, असं मला वाटतं. रस्टन यांनी त्या तरुणांचं ऐकून घेतलं, त्यांच्यावर विश्वास ठेवला, लिहूनही ठेवलं. १९८२ साली एवढं करणारेही कमी होते. पण हे बाहेर आलं तर देवाच्या कामाचं अपरिमित नुकसान होईल, असं आपल्याला वाटलं होतं, हे फ्लेचर यांनी पुढे चौकशीत स्वतःच सांगितलं.

‘देवाचं काम.’ या दोन शब्दांपाशी मी फार वेळ थांबले. आमच्या मंडळीतही हे शब्द रोज येतात. देणगी मागताना येतात, बैठकीतलं भांडण मिटवताना येतात. त्यांचा अर्थ हळूहळू बदलत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आधी ‘काम’ म्हणजे माणसं, मग ‘काम’ म्हणजे शिबिर, ट्रस्ट, इमारत, नाव. मग एक दिवस माणूस आणि काम समोरासमोर उभे राहतात, आणि आपण कामाची बाजू घेतो. तीही प्रार्थना करून.

स्माइथ यांना देश सोडून जायला सुचवण्यात आलं. १९८४ साली ते झिंबाब्वेला गेले. हरारेमध्ये झांबेझी मिनिस्ट्रीज नावाचं काम त्यांनी उभं केलं, आणि काय केलं? मुलग्यांसाठी शिबिरं. इंग्लंडमधून देणग्या जात राहिल्या. रस्टन यांचा अहवाल तेव्हा इंग्लंडमध्ये कुणाच्या तरी कपाटात होता. या शिबिरांत मुलांना नग्न पोहायला आणि नग्न प्रार्थना करायला लावत, टेबल टेनिसच्या बॅटने मारत. १९९२च्या डिसेंबरमध्ये मारोंडेरा इथल्या रुझावी शाळेत भरलेल्या शिबिरात सोळा वर्षांचा गाइड न्याचुरू शाळेच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. तो शिबिराला येऊन एक दिवसही पुरता झाला नव्हता.

बुलावायोचे वकील डेव्हिड कोल्टार्ट यांनी १९९३ साली तिथल्या पाळकांसाठी चौकशी करून अहवाल लिहिला. त्यांच्या हातात इंग्लंडमधली माहितीही आली होती. पुढे स्माइथ यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला, पण तो तडीस गेला नाही. २००१ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथेही चर्च, तिथेही तरुण, तिथेही एक ख्रिस्ती कायदेविषयक संस्था.

आकडा सांगून पुढे जाते. पुढे झालेल्या चौकशीनुसार इंग्लंडमध्ये २६ ते ३० आणि झिंबाब्वेत ८५ ते १०० मुलं व तरुण यात भरडले गेले. म्हणजे मोठा आकडा ‘प्रश्न मिटल्यानंतरचा’ आहे. विंचेस्टरमधल्या मुलांची नावं कोर्टात येऊ नयेत म्हणून जी काळजी घेतली, तिची किंमत हरारेच्या मुलांनी मोजली. हे लिहिताना मला गोऱ्या-काळ्याचा प्रश्न टाळता येत नाही. आफ्रिकेतली मुलं त्या काळजीच्या हिशेबात धरलीच गेली नव्हती.

२०१२ साली एका पीडिताने चर्चमध्ये पुन्हा तोंड उघडलं. २०१३च्या उन्हाळ्यात इली डायोसीसकडे, म्हणजे इलीच्या बिशपांच्या अखत्यारीतल्या चर्चच्या विभागाकडे, हे प्रकरण आलं. इलीच्या बिशपांनी केप टाऊनमधल्या एका बिशपांना पत्र लिहिलं. पोलिसांच्या कानावर गोष्ट घालण्यात आली, पण रीतसर तक्रार व्हावी तशी झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्मगुरू जस्टिन वेल्बी यांना, कळवण्यात आलं. पदावर बसून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते.

वेल्बी स्वतः १९७०च्या दशकात, केंब्रिजला शिकत असताना, यूअर्नच्या शिबिरात ऑफिसर होते. स्माइथ यांना ते ओळखत. मारहाणीबद्दल २०१३ पर्यंत आपल्याला काही माहीत नव्हतं, असं ते सांगत आले. २०१३ मध्ये पोलिसांना कळवलं आहे असं आपल्याला सांगण्यात आलं आणि आपण त्यावर विश्वास ठेवला, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. उलट तेच मला जास्त लागतं. ‘पोलिसांना सांगितलंय’ हे ऐकून घेतलं, आणि ‘कुणी, कोणत्या ठाण्यात, तपास कुठवर आला’ हे पुढच्या चार वर्षांत कुणी विचारलं नाही.

त्या चार वर्षांत स्माइथ केप टाऊनमध्ये मोकळे होते. २ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीच्या बातम्यांत हे सगळं आलं. इंग्लंडमध्ये आलेल्या स्माइथ यांना पत्रकार कॅथी न्यूमन यांनी रस्त्यात गाठून प्रश्न विचारले, ते दृश्य लाखो लोकांनी पाहिलं. काही दिवसांनी गिल्डफर्डचे बिशप अँड्र्यू वॉटसन यांनी सांगितलं की तरुणपणी त्या शेडमध्ये त्यांनीही मार खाल्ला होता. बिशपाच्या तोंडून ते येणं फार मोठं होतं. तोवर पीडितांकडे ‘काहीतरी तक्रार घेऊन आलेले’ म्हणून पाहिलं जात होतं. हॅम्पशायर पोलिसांचा तपास सुरू झाला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी स्माइथ केप टाऊनमध्ये वारले. कोणत्याही कोर्टात त्यांना एकाही फटक्याचं उत्तर द्यावं लागलं नाही.

२०१९ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने कीथ मेकिन यांना स्वतंत्र पुनरावलोकन करायला सांगितलं. मेकिन हे समाजसेवा खात्यात आयुष्य घालवलेले माणूस. त्यांचा अडीचशे पानांच्या आसपासचा अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. चर्च ऑफ इंग्लंडशी संबंधित असलेला बहुधा सर्वाधिक पीडितांचा छळ करणारा माणूस, असं त्यांनी स्माइथ यांचं वर्णन केलं. छळ शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आध्यात्मिक होता, हे चारही शब्द त्यात आहेत. २०१३ मध्ये आर्चबिशपांना हे पोलिसांपर्यंत नेता आलं असतं आणि न्यायला हवं होतं, असं अहवाल म्हणतो. धोरण काहीही असो, पाठपुरावा करण्याची वैयक्तिक आणि नैतिक जबाबदारी त्यांच्यावर होती.

वेल्बी आधी म्हणाले की राजीनामा देणार नाही. त्यांनी राजीनामा द्यावा म्हणून चर्चमधूनच निवेदन निघालं, त्यावर हजारो सह्या झाल्या. वेल्बी यांनी जावं, असं न्यूकॅसलच्या बिशप हेलन-ॲन हार्टली यांनी उघड म्हटलं. बाकीचे बहुतेक बिशप त्या दिवसांत गप्प होते. १२ नोव्हेंबरला राजीनामा आला. डिसेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी या विषयाला धरून विनोदाचा सूर लावला, आणि पीडितांनी आक्षेप घेतल्यावर माफी मागितली. त्या भाषणाचा मला राग आला होता. आता राग नाही, वाईट वाटतं. जवळचा माणूस दुखावलेला असताना आपलंच ओझं आपल्याला सर्वांत जड वाटतं, हे आर्चबिशपांनाही सुटलं नाही.

एका माणसाच्या राजीनाम्याने प्रकरण मिटलं असं मात्र मुळीच नाही. त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सॲपच्या गटांवर दोन प्रकारचे संदेश फिरत होते. एक : ‘चर्च ऑफ इंग्लंड असंच आहे, उदारमतवादाने पोखरलेलं.’ दुसरा : ‘बघा, बायबल-बायबल करणाऱ्यांचं खरं रूप.’ पहिल्याला उत्तर सोपं आहे. स्माइथ उदारमतवादी नव्हते, त्यांना लपवणारेही नव्हते. हे आमच्या घरात घडलं. दुसऱ्याला उत्तर देणं जड जातं.

कारण काळ मोठा नाजूक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षअखेर त्या प्रार्थना वापरात आल्या. इव्हँजेलिकल मंडळ्यांनी विरोध केला. काहींनी आपल्या बिशपांशी नातं सैल केलं, डायोसीसला जाणारा पैसा दुसरीकडे वळवला. मी स्वतः विवाहाबद्दल जुन्याच शिकवणीवर आहे. पण इतरांच्या देहाच्या पावित्र्याबद्दल आवाज चढवणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना आपल्या शिबिरातल्या मुलांच्या देहाबद्दल पस्तीस वर्षं आवाज फुटला नाही, हे मला कुणाला समजावून सांगता येत नाही. आणि स्माइथ एकटेही नव्हते. विम्बल्डनच्या इमॅन्युएल चर्चचे माजी पाळक जोनाथन फ्लेचर, त्याच डेव्हिड फ्लेचर यांचे भाऊ. त्यांच्या गैरवर्तनाबद्दलचा स्वतंत्र अहवाल २०२१ मध्ये आला. वॉटफर्डच्या सोल सर्व्हायवर चर्चचे माइक पिलावाची यांच्यावरच्या तक्रारींत तथ्य असल्याचं २०२३ मध्ये चर्चच्या तपासात ठरलं. दोघांचे पंथ-उपपंथ वेगळे. पण आकर्षक बोलणारा पुढारी, त्याच्याभोवती निवडक तरुण, बंद दाराआडचं ‘घडवणं’, आणि शंका घेणाऱ्याला ‘तू आत्म्याने दुर्बळ आहेस’ असं वाटायला लावणं, हे तिन्हीकडे सारखं.

मेकिन यांच्या अहवालासोबत मानसशास्त्रज्ञ एली हॅन्सन यांचं विश्लेषण आहे. कडव्या इव्हँजेलिकल समजुतींनी स्माइथ यांचं काम सोपं कसं केलं, हे त्यात येतं. आमच्यातले काही जण यावर चिडले. शिकवण दोषी नाही, माणूस दोषी आहे, असं म्हणाले. मला ते अर्धंच पटतं. पाप गंभीर आहे, ही शिकवण खरी. पण ‘तुझं पाप किती गंभीर आहे हे मी ठरवीन, आणि ते फेडण्याची रीतही मीच सांगीन’ हे पाऊल कुणी टाकलं, आणि ऐकणाऱ्या मुलाला ते आधीच्या पावलापेक्षा वेगळं का वाटलं नाही? ख्रिस्ताच्या जखमांनी आपण बरे झालो, हा तर आमच्या सुवार्तेचा गाभा. ज्या तरुणांना हा गाभा रोज शिकवला त्यांना आपल्या रक्ताने पाप फेडायचं नसतं हे कळू नये, यात शिकवणाऱ्यांचं काहीच चुकलं नाही असं कसं म्हणायचं? कृपा तोंडाने शिकवली आणि शिबिरातल्या वागण्यातून गुणवत्तेची शिडी शिकवली. मुलांनी शिडी लक्षात ठेवली.

पुढची घडामोड थोडक्यात. यूअर्न ट्रस्टचा वारसा चालवणाऱ्या टायटस ट्रस्टने २०२० साली तीन पीडितांशी समझोता केला आणि यूअर्नची शिबिरं बंद केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अँग्लिकन चर्चने नेमलेल्या समितीने, इंग्लंडहून इशारा येऊनही आपलं चर्च मुलांना संरक्षण द्यायला कमी पडलं, असा निष्कर्ष दिला. त्याच महिन्यात चर्च ऑफ इंग्लंडने स्माइथ प्रकरणातल्या भूमिकेबद्दल दहा पाळकांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू करायचं ठरवलं. माजी आर्चबिशप जॉर्ज केरी त्यांत होते. सिनॉडपुढे प्रश्न आला की मुलांच्या सुरक्षेची सगळी यंत्रणा, डायोसीसपातळीवरचे कर्मचारीसुद्धा, चर्चच्या हाताबाहेरच्या संस्थेकडे द्यायची का. पीडितांची मागणी तीच होती. सिनॉडने राष्ट्रीय पातळीवरचं काम बाहेर द्यायचं ठरवलं, डायोसीसमधलं तूर्त आतच ठेवलं आणि पुढच्या टप्प्याचा अभ्यास करू म्हटलं. माझ्या मते ही चूक झाली. रस्टन यांचा अहवाल आतल्या आत फिरत राहिला तो वाईट माणसांमुळे नाही, आतल्या माणसांमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांचं नाव नव्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं; हे ओझं आता त्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे याचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आपल्या इकडच्या अँग्लिकन मंडळ्या त्यात आल्या, आणि हे चर्च आजही अँग्लिकन कम्युनियनचं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या संघाचं, सदस्य आहे. मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर, नागपूर. आपल्या उन्हाळी शिबिरांचा साचा, संडे स्कूल, युवक संघ, ‘एकेकाला घडवणं’, हे त्या परंपरेतूनच आलेलं आहे.

आमच्या मंडळीत मेच्या शिबिराची तयारी चालू होती. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत मी पालकांना द्यायच्या पत्रकाचा मसुदा मांडला. तक्रार असेल तर कुणाला सांगायचं, या रकान्यात मी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आणि आमच्या पोलिस ठाण्याचा नंबर लिहिला होता, आणि त्याखाली पाळकसाहेबांचा. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, म्हणाले, “ताई, पोलिसांचा नंबर वर कशाला? आपलं घर आहे. आधी साहेबांना सांगावं, साहेब बघतील काय ते.” काका तळमळीने बोलत होते. चाळीस वर्षं त्यांनी मंडळीचा हिशेब सांभाळला आहे, एक पैसा इकडचा तिकडे नाही.

मी त्यांना पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १९ वाचून दाखवलं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी कुणाही माणसाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. पाळकाला सूट नाही, कमिटीला नाही. इंग्लंडमध्ये १९८२ साली असा कायदा नव्हता, आणि २०२२ साली तिथल्या बाल-अत्याचार चौकशी आयोगाला अशा कायद्याची शिफारस करावी लागली. आपल्याकडे तो २०१२ पासून आहे. पाळकसाहेब बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, “काका, माझा नंबर खालीच राहू दे. मलाही बरं वाटेल. मला कुणी एकट्याने ठरवायला लावू नये.”

मसुदा तसाच मंजूर झाला. एक प्रश्न मात्र राहिला, आणि तो आमच्या युवक संघाच्या चिटणीस मुलीने विचारला. शिबिराचं ठीक आहे, पण स्माइथच्या त्या तेरांतले बरेच जण कॉलेजात जाणारे होते ना? अठराच्या वरचे. पॉक्सो तिथे लागत नाही. आपल्या युवक संघातली अर्धी मुलं अठरा ते बावीसची आहेत, मोठ्यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत बायबल अभ्यासाला जातात, आणि स्वतःच्या पापांबद्दल सगळं सांगतात. त्यांनी कुणाला सांगायचं?

यावर बैठकीत कुणाकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तो पहिला विषय घेतला आहे.